मध्यंतरानंतर ती काय बोलली असेल

आमच्या संसारात एक भांडण एकोणतीस वर्षं चाललं. ते मी जिंकायचा प्रश्नच नव्हता, कारण चूक माझीच होती. मी बायकोला पिक्चरच्या मध्यंतरात थेटरातून उठवून बाहेर आणलं होतं. का, तर पांढरा रस्सा संपेल म्हणून. हे बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. कोल्हापूरचा माणूस हसत नाही, उलट विचारतो, मग मिळाला का?

मिळाला. पण ते नंतर.

लग्नाला तेव्हा महिना झाला असेल. मी उद्यमनगरात लेथवर होतो आणि रविवारी सुट्टी. नव्या बायकोला घेऊन पिक्चरला जातो असं आईला सांगायची छाती नव्हती. "अंबाबाईला जाऊन येतो," म्हणालो. देवळापर्यंत गेलोही, देवाच्या नावानं खोटं कशाला बोला. पण रांग बघितली, बाहेरूनच कळसाला हात जोडले आणि बाराच्या खेळाला जाऊन बसलो. बायकोनं डोक्यावरचा पदर थेटरात शिरल्यावर, दिवे गेल्यावर, हळूच खाली घेतला. ते मला अजून दिसतं.

पिक्चर काही गाजलेला नव्हता. आज त्याचं नाव घेतलं तर दहातल्या नऊ जणांना आठवणार नाही. हिरॉईनची एसटी स्टँडजवळ खानावळ असते. तिच्या म्हाताऱ्या मावशीनं जाता जाता तिला एक पितळी पळी दिलेली असते. त्या पळीनं वाढलेलं जो खाईल, त्याच्या मनात असेल ते भडाभडा तोंडातून बाहेर पडणार. उचकी लागली की जादू संपली. बस, एवढंच. गावचा पुढारी जेवायला येतो आणि भर पंगतीत सांगून टाकतो की भाषण करताना माझे पाय लटपटतात, म्हणून मी टेबल धरून उभा राहतो. एक मास्तर बायकोसमोर कबूल करतो की तुझी आई येणार म्हटलं की मी मुद्दाम आजारी पडतो. थेटर नुसतं हसून हसून पडत होतं. माझी बायको तर तोंडात पदर कोंबून हसत होती आणि हसता हसता माझ्या दंडाला चिमटे काढत होती.

हिरो म्हणजे खानावळ बंद पाडायला आलेला इन्स्पेक्टर. भलताच कडक. तोही जेवतो, आणि सगळ्यांना वाटतं आता हा काहीतरी मोठं लफडं बाहेर काढणार. तर तो म्हणतो, मी सात वर्षं एकटा जेवतोय, जेवताना समोर पेपर धरतो, म्हणजे लोकांना वाटतं हा वाचतोय. तेव्हा थेटरात कुणी हसलं नाही. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पडद्याकडं बघत होतो.

आणि मग मध्यंतराच्या तोंडावर ती गंमत. दिवसभर सगळ्यांना वाढून दमलेली हिरॉईन स्वतःचं ताट घेते आणि चुकून त्याच पळीनं वाढून घेते. एक घास खाते. समोर इन्स्पेक्टर उभा. खानावळीत दुसरं कुणी नाही. तिला कळतं आपण काय करून बसलो. तोंड दाबते, पण तोंड उघडतंच, आणि पडद्यावर येतं, मध्यंतर.

आता माझी बाजूही ऐका. दीड तास त्या पडद्यावर रस्सा उकळत होता. वाफा, कट, वाट्याच्या वाट्या. सकाळी मी नुसता चहा घेतलेला. घड्याळात बघितलं तर पावणेदोन. रविवारी आमच्या त्या खानावळीत दोनच्या सुमाराला पांढरा संपायचा. तांबडा मिळतो, तांबडा चारपर्यंत मिळतो, पण पांढऱ्याशिवाय नुसता तांबडा म्हणजे एका पायात चप्पल घालून गावभर फिरणं.

"चल, ऊठ," मी म्हणालो.

"अहो, ती आता बोलणार हाय की."

"बोलू दे. पिक्चर काय पळून चाललाय? पुढच्या रविवारी परत बघू. पांढरा संपला तर आजचा दिवस गेला."

महिन्याची नवी नवरी, ती काय बोलणार. उठली. दारापर्यंत मागं वळून वळून पडद्याकडं बघत होती. पडद्यावर साबणाची जाहिरात चालली होती. खानावळीत पांढरा शिल्लक होता, मी चार वाट्या प्यायलो, तिनं एक. शुक्रवारी पिक्चर उतरला.

परत तो कोल्हापुरात कधी लागला नाही. टीव्हीवर आला नाही, कॅसेटच्या दुकानात मिळाला नाही. बायकोनं गल्लीतल्या बायकांना विचारलं, माझ्या कारखान्यातल्या लोकांच्या बायकांना विचारलं. कुणी बघितलेलाच नव्हता. पुढं श्रावणात, माहेरचा आखाड उरकून परत आली, तेव्हापासून तिनं एक नवंच सुरू केलं. मी जेवायला बसलो, ताट वाढून झालं, की ती समोर बसायची, आमटीच्या पातेल्यात डाव ठेवून.

"मला कळलं हो, ती काय बोलली असेल."

"कोण?"

"हिरॉईन. मध्यंतरानंतर."

"काय?"

"म्हणाली असेल, आज मला कुणीतरी वाढा. मी बसून खाणार, तुम्ही वाढायचं."

मी म्हणालो, "हिरॉईन असं बोलती व्हय? मग गाणं कुठनं लागणार?"

झालं, सुरुवात झाली ती अशी. दर दोन-चार महिन्यांनी नवीन. मी आपला पिक्चरचा जाणकार असल्यासारखा तिचं बोलणं खोडून काढायचो. असा शेवट चालत नाही, याला पब्लिक शिट्ट्या मारेल, हिरो काय गप्प बसेल का. आणि खरं सांगतो, मला मजा यायची. एरवी जेवताना मी फारसा बोलणारा नव्हे. मीठ कमी, तिखट जास्त, आज भाकरी कडक झाली, हे सोडून माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. जेवण चांगलं झालं तर चांगलं झालं म्हणायचं, ही पद्धत आमच्या घरात नव्हती. परत वाटी पुढं केली, त्यातच सगळं आलं. पण पिक्चरचं निघालं की मी ताटातून मान वर करायचो.

लेक झाली त्या वर्षी माझी संध्याकाळ तालमीच्या कट्ट्यावर जायची. दहाला घरी. एके दिवशी म्हणाली, "ती म्हणाली असेल, खानावळ आठला बंद होती, तर माणसानं साडेआठला घरी यावं. गावभर काय काम असतंय माणसाला?" मी म्हणालो, "अगं, तो इन्स्पेक्टर हाय. त्याला काम असतंय."

एकदा म्हणाली, "ती म्हणाली असेल, तुमच्या मिशा काय चांगल्या दिसत न्हाईत. काढून टाका." त्यावर आम्ही दोघं खूप हसलो, कारण पिक्चरमधल्या इन्स्पेक्टरला झुपकेदार मिशा होत्या. पंधरा दिवसांनी मी माझ्या मिशा काढल्या. मला वाटलं, हे माझंच डोकं.

आई तीन वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं हिनंच केलं. त्या काळात पिक्चरचा विषय फार निघायचा नाही. एका दुपारी मात्र मला वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "मला वाटतंय, ती म्हणाली असेल, मला रडायचंय, पर गिऱ्हाईकं थांबल्यात." माझा हात थांबला. थांबला, हे मला पक्कं आठवतं. मग मी म्हणालो, "मीठ दे." तिनं दिलं.

तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. मी कारखान्यातून निवृत्त होऊन एक वर्ष होतं न होतं तोच ती गेली. आता आम्ही दोघं निवांत, म्हणेपर्यंत मी एकटा. दुपारचा डबा गल्लीतल्या एक बाई देतात, चांगला असतो. रात्री दूध-भात. पहिले काही महिने रविवारी त्या खानावळीत जात होतो. मालकाचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो, वाढपी सगळे नवे. एकट्या माणसाला टेबल देत नाहीत, कुठल्या तरी कुटुंबाच्या कडेला बसवतात. त्यांची पोरं वाटीसाठी भांडत असतात आणि मी मोबाईल काढून बघत बसतो, काहीच बघायचं नसताना. एकदा एका वाढप्यानं विचारलं, "एकटंच का, पावणं?" जन्म या गावात गेला, आणि मी पावणं. त्यानंतर जायचं सोडलं. पांढरा आता मला जातही नाही. दुसरी वाटी पुढं करायची ती कुणाकडं?

गेल्या महिन्यात लेक आली. इचलकरंजीला दिली आहे, जावई मागाच्या कारखान्यात. येताना डब्यात काहीबाही घेऊन आली होती, पण आल्या आल्या चपला काढायच्या आधी म्हणाली, "बाबा, आईचा पिक्चर घावला."

आमच्या घरात त्याला आईचा पिक्चर असंच म्हणत. लेकीलाही सगळी गोष्ट पाठ, मध्यंतरापर्यंत. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून तो इंटरनेटवर टाकला होता. तिनं तो टीव्हीवर लावून दिला, रिमोटचं कुठलं बटण दाबलं की थांबतं, कुठलं दाबलं की पुढं जातं, हे दोनदा शिकवलं. पोरांच्या शाळेमुळं तिला चारच्या गाडीनं परतायचं होतं. "बसू का मी तुमच्याबरोबर?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "तू जा. मी उद्या बघतो निवांत."

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला, तो समोर ठेवला आणि पिक्चर लावला. रंग उडालेले, आवाज खरखरता. आणि माझ्या आठवणीची तर फजितीच. पळी पितळी नव्हतीच, लोखंडी निघाली. पुढारी मला वाटत होता त्याच्यापेक्षा बराच तरुण. खानावळ स्टँडजवळ नव्हे, बाजारात. एकोणतीस वर्षं आम्ही दोघं ज्यावर भांडलो, तो पिक्चर भलताच होता. मास्तर सासूला भिऊन आजारी पडतो, तिथं मात्र मी मोठ्यानं हसलो. घरात माझा एकट्याचाच आवाज घुमला. मी गप्प झालो आणि शेजारी ऐकलं असेल का म्हणून उगीच खिडकीकडं बघितलं.

इन्स्पेक्टर जेवला, एकटा जेवतो म्हणाला. हिरॉईननं ताट घेतलं, घास खाल्ला, तोंड दाबलं, तोंड उघडलं. मध्यंतर. मी थांबवायचं बटण दाबलं.

तीन दिवस मी पुढचं बघितलं नाही. टीव्हीवर तसंच ते थांबलेलं चित्र, तिचं अर्धं उघडं तोंड. घरात येता-जाता दिसायचं. मनात एकच, तिनं हे बघितलेलं नाही. तिला न दाखवता मी एकट्यानं पुढचं बघायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा थेटरातून उठवायचं. एवढी वर्षं बिचारी विचारत राहिली, काय बोलली असेल, काय बोलली असेल, आणि आता उत्तर सापडलं ते मला, ज्याला त्याचं कधी काही पडलेलं नव्हतं. पण न बघताही चैन नाही. माणूस किती ओशाळं होतं बघा, मला वाटायला लागलं, तिच्या माहेरचं कुणीतरी शेजारी बसलं तर चालेल. म्हणजे तिच्या वतीनं कुणीतरी.

मेहुणी माहेरच्याच गावात, जयसिंगपुरात दिलेली, बायकोहून चार वर्षांनी लहान. तिला फोन लावला. म्हणालो, "एक दिवस सवड काढून ये. तुझ्या अक्काचा तो पळीचा पिक्चर मिळालाय. अर्धा राहिलेला. मिळून बघू."

"पळीचा?" ती म्हणाली. "त्यो तर आम्ही दोघींनी बघितलाय की, दाजी."

"दोघी कोण?"

"मी आणि अक्का. तिचा पयला आखाड न्हवता का, माहेराला आलती. कोल्हापुरातनं उतरलेला पिक्चर म्हैन्यानं आमच्याकडं लागायचा. अक्कानं पाटी बघितली आणि मला वढत घेऊन गेली. दोनदा बघितला आम्ही."

मला आधी रागच आला. आपण एकोणतीस वर्षं अपराध्यासारखं खाली मान घालून बसलो, आणि हिनं तो दोन महिन्यांत बघून टाकला होता. "मग मला कधी बोलली न्हाई ती," मी म्हणालो.

"तिनं मला शप्पत घातलीती. दाजींना सांगायचं न्हाई म्हणून." मग म्हणाली, "आता काय, सांगितलं तर चालतंय."

मी विचारलं, "मग काय बोलती ती?"

"कोण?"

"हिरॉईन. मध्यंतरानंतर काय बोलती?"

मेहुणी हसली. "काय न्हाय बोलत. उचकी लागती की तिला. लगेच. तोंडावर हात ठेवती आणि आत पळून जाती. मग त्यो इन्स्पेक्टरच सगळं बोलतोय, गाणं लागतंय, लगीन हुतंय. अक्का लई चिडलीती. थेटरापासनं घरापतोर बडबडत आली. सगळ्या गावाला बोलायला लावलं आणि हिची वेळ आली तर उचकी, म्हणाली. मी म्हटलं, अगं, पिक्चर हाय त्यो. तर काय म्हणाली ठावं हाय? म्हणाली, मला ह्यांनी अर्ध्यात उठवलं ते बरंच झालं. ह्यांना कुठं म्हाईत हाय तिला उचकी लागली ते. आता ती काय बोलली, ते मी सांगीन."

मेहुणी पुढं सांगत होती, "मी म्हटलं, असं चोरून कशाला, सरळ बोल की दाजींस्नी. तर म्हणाली, सरळ बोललं तर ह्यांना ऐकू येत न्हाई. पिक्चरचं म्हटलं की मान वर करून बघतात."

फोन ठेवला. रडू आलं नाही मला. लाज वाटली, अगदी लहान पोराला चारचौघांत वाटते तशी. बसल्या जागी एकेक आठवायला लागलं. आज मला कुणीतरी वाढा. माणसानं साडेआठला घरी यावं. मला रडायचंय. हिरॉईन असं बोलत नाही, असं मी प्रत्येक वेळी तिला सांगत आलो. मला वाटत होतं, हे घर दोन वर्षांपूर्वी ओस पडलं, मी एकटा पडलो. ती या घरात माझ्यासमोर बसून किती वर्षं एकटी होती, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पाताळयंत्री माणूस असतो तर गोष्ट वेगळी. मी साधा माणूस, दारू नाही, मारझोड नाही, पगार हातात आणून देणारा. लोक मला चांगलं म्हणतात. तीही म्हणायची.

संध्याकाळी मी उरलेला पिक्चर बघितला. तिला उचकी लागली, ती आत पळाली, गाणं लागलं, लग्न झालं. मेहुणीनं सांगितलं तसंच. शेवटी सगळा गाव पंगतीला बसतो आणि हिरॉईन वाढत असते. तिला शेवटपर्यंत कुणी वाढलं नाही. टीव्ही बंद केला.

आणि एक गोष्ट आहे, ती मी लेकीलाही सांगितलेली नाही. शेवटच्या आजारात बायको दवाखान्यात होती. दुपारची वेळ, खोलीत आम्ही दोघंच. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "अहो, ती काय बोलली असेल, ते मला आता बरोबर कळलं." आवाज खोल गेला होता, धाप लागत होती. मी म्हणालो, "आता बोलू नको. दमशील. घरी गेल्यावर सांग." ती बरं म्हणाली.

चार दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी ती अकरा दिवस होती. मी सगळं केलं. औषधं वेळेवर दिली, मऊ भात करायला शिकलो, चमच्यानं भरवला, केस विंचरले, कूस बदलली. दिवसचे दिवस आम्ही दोघंच होतो, बोलायला वेळच वेळ होता. मी विचारलं नाही. विसरलो असंही नाही, आठवण होती, पण मला वाटलं, पिक्चरचं काय एवढं, बरी झाली की सांगेल. शेवटच्या दोन दिवसांत ती बराच वेळ नुसती माझ्याकडं बघत राहायची, ओठ हलवायची. मला वाटलं, तिला पाणी हवंय. मी पाणी दिलं.